रणवाद्यं, रॉक आणि रस्सीखेच

“सर, गाण्यामुळे डोकं फिरलं.”

हे वाक्य माझं. मागच्या वर्षीच्या स्पोर्ट्स वीकमध्ये, रस्सीखेचच्या फायनलनंतर, रेक्टर सरांच्या ऑफिसात मान खाली घालून मी ते बोललो. तो प्रसंग हॉस्टेलमध्ये बहुतेकांना माहीत आहे, तरी फर्स्ट इयरच्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या ब्लॉकची टीम फायनलला आली होती. मेसमधून जेवून आल्यावर आम्ही आठही जण एका रूममध्ये दार लावून बसलो आणि स्पीकरवर फुल आवाजात मेटल लावलं. चांगलं दोन तास! आधी पायाने ठेका, मग माना, मग टेबलावर मुठी. एकाने तर कपाटाच्या दारावर डोकं आपटलं. दाराला पोचा आला, डोक्याला काही झालं नाही. मैदानावर आम्ही चालत गेलोच नाही, स्पीकर घेऊन ओरडत धावत गेलो. आणि दोन्ही फेऱ्या हरलो. दुसरीत तर टाचा रोवायच्या आत ओढले गेलो. समोरच्या ब्लॉकचा एक फर्स्ट इयरचा मुलगा हसला. मी जाऊन त्याला ढकललं. तो पायऱ्यांवरून खाली पडला. चष्मा फुटला, उजव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर.

चौकशीत मी वरचं वाक्य टाकलं आणि ते चालून गेलं. स्पीकर जप्त झाला. ‘कर्कश व भडकाऊ संगीत’ वाजवायला मनाई करणारा कागद नोटीस बोर्डावर लागला. मला ताकीद मिळाली, चष्म्याचे पैसे भरायला लागले, आणि त्या मुलाची जर्नल्स तीन आठवडे मीच लिहायची असं ठरलं. म्हणजे मुख्य आरोपी स्पीकर, मी नुसता सहआरोपी. पण जर्नल लिहिता लिहिता ते वाक्य टोचायला लागलं. आपण बोललो ते निदान खरं तरी निघावं, अशा स्वार्थी हेतूने मी या विषयावर वाचायला लागलो. जे सापडलं ते इथे मांडतो.

पहिली शंका अगदी साधी होती. त्या गाण्यांतला एक शब्दही आम्हाला कळत नव्हता. पोरांनी मला विचारलंसुद्धा, “तू कॉन्व्हेंटचा ना? काय म्हणतोय रे हा?” मी कान देऊन ऐकलं. दहा वर्षं सिस्टरांच्या हाताखाली इंग्रजी शिकून मलाही काही कळलं नाही. मग नुसता आवाज, शब्दांशिवाय, माणसाला पेटवू शकतो का?

१९५८ साली अमेरिकेत लिंक रे या गिटारवादकाची ‘रम्बल’ नावाची रेकॉर्ड आली. तिच्यात गाणं नाहीच, फक्त वाद्यं. तरीही काही रेडिओ स्टेशनांनी ती लावायला नकार दिला. ‘रम्बल’ म्हणजे तिथल्या बोलीत टोळ्यांची मारामारी, आणि हे ऐकून पोरं रस्त्यावर हाणामारीला उतरतील अशी भीती होती. एका शब्दाशिवाय बंदी! हवा तसा खरखरीत आवाज मिळावा म्हणून लिंक रेने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती.

यातली करामत आपल्या सिलॅबसमधलीच आहे. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की साइन वेव्हचा माथा आणि तळ कापला जातो, म्हणजे क्लिपिंग होतं. प्रॅक्टिकलला असं आलं तर सर लाल शेरा मारतात, मेटलमध्ये त्याचेच पैसे मिळतात. कापलेल्या वेव्हमध्ये मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे हार्मोनिक्स तयार होतात आणि आवाजाला धार येते. दोन स्वर एकदम छेडले तर त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या फ्रिक्वेन्सीसुद्धा उमटतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा ८२ हर्ट्झचा स्वर आणि त्याचा पंचम, साधारण १२३ हर्ट्झ, एकत्र वाजवले की ४१ हर्ट्झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा, स्वर फुकटात मिळतो. तो कोणी वाजवलेलाच नसतो! (आमच्या टीचभर स्पीकरला ४१ हर्ट्झ कितपत झेपत होते, हा भाग वेगळा.)

मेकॅनिकलवाल्यांनी रुसू नये, त्यांचाही हात आहे यात. हात म्हणजे खरोखरच हात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारांचा ताण कमी करून त्या खालच्या स्वरात लावल्या. तारा सैल, स्वर जड. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. सेफ्टी गार्ड नसलेल्या मशीनचा असाही उपयोग!

आता कानाकडे येऊ. २०१५ साली काही मेंदूशास्त्रज्ञांनी माणसाची किंकाळी मोजून पाहिली. साध्या बोलण्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला चार-पाच वेळा चढते-उतरते. किंकाळीत हा चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो. या खरखरीने मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, जास्त जागा होतो. अलार्म आणि सायरनमध्येही हीच खरखर असते. क्लिप केलेली गिटार आणि घशातून ओरडणारा गायक शरीराच्या याच दारावर थाप मारतात. शब्द लागतातच कशाला?

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. माझं वाक्य खरं ठरत होतं! पण मग डॅनियल ब्लमस्टाइन यांचा प्रयोग वाचनात आला. हे मूळचे प्राण्यांवर काम करणारे शास्त्रज्ञ, मार्मट नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या पिल्लांच्या किंकाळ्यांवरून ते संगीताकडे वळले. २०१२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना संगीताचे छोटे तुकडे ऐकवले. काही शांत, काही मध्येच डिस्टॉर्शनमध्ये फुटणारे. फुटणारे तुकडे लोकांना जास्त उत्तेजक वाटले, हे अपेक्षितच. पण तेच तुकडे, फार काही घडत नाही अशा अगदी साध्या व्हिडिओबरोबर ऐकवले तर ती उत्तेजना गायब! आवाज अप्रिय वाटला, पण अंगावर आला नाही. म्हणजे कान धोक्याची घंटा वाजवतो, तिचं काय करायचं ते समोर काय चाललंय त्यावर ठरतं.

शब्दांचा विचार मात्र वेगळा करायला हवा. २००३ साली अँडरसन आणि सहकाऱ्यांनी पाचशेहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांवर पाच प्रयोग करून दाखवलं की हिंसक शब्दांची गाणी ऐकल्यावर मनात मारामारीचे विचार जास्त येतात. एक अक्षर गाळलेला शब्द पुरा करायला दिला तर मुलं ‘टोपी’ऐवजी ‘ठोसा’कडे वळतात, असं काहीसं. पण हे विचार झाले. कोणी उठून कोणाला मारलं, असं त्यात मोजलेलं नाही. आपला पोवाडाही शब्दांवरच चालतो. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात. त्यात डफ आणि तुणतुणं असतं, पण रक्त तापतं ते कोण, कोणाशी, कशासाठी लढलं हे कळतं म्हणून. आमच्या स्पीकरने हे काहीच सांगितलं नव्हतं. कोणावर चिडायचं, ते आमचं आम्ही ठरवलं होतं.

मग मी फौजांकडे वळलो, कारण खऱ्या लढाईत संगीत वापरायचा अनुभव त्यांच्याइतका कोणालाच नाही. आपण ‘निवडणुकीचं रणशिंग फुंकलं’ असं वर्तमानपत्रात वाचतो आणि विसरतो, पण रणशिंग, नगारा, कर्णा ही एकेकाळी कामाची वाद्यं होती. ओटोमन तुर्कांच्या जानिसरी दलाबरोबर ‘मेहतेर’ हा वाद्यमेळ असायचा. मोठाले नगारे, झांजा, आपल्या सनईच्या जातीचा झुर्ना. त्याचा युरोपवर इतका परिणाम झाला की तिथल्या फौजांनी मोठा ड्रम आणि झांजा उचलल्या आणि मोझार्टने तुर्की ढंगाची चाल पियानोवर बांधली. १८२६ साली सुलतानाने जानिसरी दलच मोडलं, तेव्हा मेहतेरही बंद केला.

पण मला सगळ्यात भिडली ती जेम्स रीडची गोष्ट. हा स्कॉटलंडचा बॅगपाइप वाजवणारा. १७४५ च्या बंडात पकडला गेला. बचाव असा की मी तलवार, बंदूक काही उचललं नाही, मी फक्त वाजवत होतो. यॉर्कच्या कोर्टाने सांगितलं की डोंगराळ स्कॉटिश पलटण पाइपवाल्याशिवाय कूच करत नाही, सबब बॅगपाइप हे युद्धाचं साधन आहे. नोव्हेंबर १७४६ मध्ये त्याला फाशी दिलं. आमच्या रेक्टर सरांनी वाद्य जप्त करून माणसाला सोडलं, त्या कोर्टाने वाद्याला शस्त्र ठरवून माणसाला लटकवलं. दोन्ही निकाल मला पटत नाहीत, पण सरांचा निकाल मला सोयीचा होता हे कबूल करतो.

या जुन्या रणवाद्यांत एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. युरोपी पलटणींचा ड्रम फक्त जोश आणायला नव्हता, तो वायरलेस होता. धुरात आणि गोंगाटात हुकूम ऐकू जात नाही, ठेका जातो. चढाईचा ठेका वेगळा, बोलणीसाठी थांबण्याचा वेगळा, आणि माघारीचाही एक ठेका ठरलेला. आणि वाजवणारा तिथेच, रांगेत उभा. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बिल मिलिन नावाचा पाइपवाला गोळ्यांच्या वर्षावात हातात बंदूक नसताना वाजवत फिरला. जो धोका इतरांना, तोच त्याला.

रेकॉर्ड केलेलं संगीत आल्यावर हे नातं तुटलं. डिसेंबर १९८९ मध्ये पनामाचा हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपला, तेव्हा अमेरिकन सैन्याने बाहेर लाउडस्पीकर लावून दिवसरात्र रॉक वाजवलं. शेवटी व्हॅटिकनने तक्रार केली आणि ते बंद करावं लागलं. नोरिएगा ३ जानेवारी १९९० ला शरण आला. ज्या गाण्यांनी सैनिकांना चेव येतो, तीच बंद करायचं बटण हातात नसेल तर छळ होतात. (शेजारच्या रूमवाल्यांनी आमच्याबद्दल हेच सांगितलं होतं.) २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकन सैनिक गस्तीवर निघण्याआधी मेटल आणि रॅप ऐकून स्वतःला तयार करायचे. जोनाथन पीस्लॅक यांनी त्यांच्याशी बोलून २००९ साली यावर ‘साउंड टार्गेट्स’ हे पुस्तक लिहिलं. तिथे ड्रम वाजवणारा कोणी नाही. जो तो आपापल्या कानात आपापली चढाई घेऊन निघालेला. आणि माघारीचं गाणं कुठल्याच प्लेलिस्टमध्ये नसतं.

परीक्षा संपल्यावर माझ्या रूम पार्टनरने मला त्याच्या गावच्या यात्रेला नेलं. तो कोल्हापूरकडचा. आयुष्यात पहिल्यांदा मी कुस्तीचं मैदान पाहिलं आणि पहिल्यांदा हलगी जवळून ऐकली. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं एक पातळ कातडं, बस्स. सोबत घुमकं आणि कैताळ. सुरू करण्याआधी त्यांनी कागद पेटवून त्या जाळावर हलगी शेकली, कातडं तापलं की ताण वाढतो. मग जो कडकडाट सुटला, त्यापुढे आमचा स्पीकर म्हणजे किरकिर. कुस्ती लागली नव्हती तरी माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या.

पण दोन-तीन कुस्त्या पाहिल्यावर लक्षात आलं की हलगी सारखी एकाच जोरात वाजत नाही. पैलवान एकमेकांना जोखत फिरतायत तोवर ती मागे मागे, सावकाश. एकाने पट काढला की ठेका चढतो, डाव सुटला की उतरतो. पंचांनी निकाल दिला की तोड. दोघं पैलवान हात मिळवत असतात तेव्हा वाजवणाराही घाम पुसत असतो. दुपारी झाडाखाली चहा पिताना मी त्यांना विचारलं, “मामा, तुम्ही पैलवानाला चेतवता ना?” ते म्हणाले, “पैलवानाकडं बघून वाजवायचं असतंय, पावणं. आपल्याच नादात वाजवलं तर त्यो दमून मरंल की.” दिवसभर वाजवून त्यांना किती मिळतं तेही विचारलं. आकडा लिहीत नाही, पण शेवटच्या कुस्तीच्या इनामाशेजारी तो फार लहान होता.

कंट्रोल सिस्टिम्सच्या लेक्चरला जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या झाडाखाली शिरलं. हलगी ही क्लोज्ड लूप आहे. आउटपुट बघून इनपुट बदलते. आमचा स्पीकर ओपन लूप होता. आम्ही जिंकतोय की हरतोय, खेळ सुरू आहे की संपला, याची त्याला खबर नव्हती. खरं सांगायचं तर मी त्या मुलाला ढकललं तेव्हाही तो पायऱ्यांवर तसाच वाजत होता. कोणीतरी, बहुतेक बघायला आलेल्या प्रोफेसर मॅडमनी, नंतर बंद केला.

तरी मूळ प्रश्न राहतोच. डोकं गाण्याने फिरलं का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात शर्मन आणि डिंगल यांनी २०१५ साली अशीच गाणी आवडीने ऐकणाऱ्या ३९ जणांवर प्रयोग केला. आधी त्यांना राग येईल अशा स्वतःच्या आठवणी सांगायला लावल्या. मग अर्ध्यांनी दहा मिनिटं आपली आवडती कर्कश गाणी ऐकली, बाकीचे शांत बसले. गाणी ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही, शांत बसलेल्यांसारखाच तोही उतरला, वर त्यांना हुरूप वाटला. हे वाचून माझ्या वाक्याचा पार निकाल लागला. दुसऱ्या बाजूने फेसलर आणि होलब्रूक यांचा २०१४ चा प्रयोग आहे. दुसऱ्या माणसाबरोबर पावलाला पाऊल मिळवून चाललेल्या पुरुषांना नंतर एका गुन्हेगाराचा फोटो दाखवला, तर तो त्यांना अंगाने लहान आणि कमजोर वाटला. एका ठेक्यात हललं की समोरचा लहान दिसायला लागतो! शाळेत मार्चपास्टला ड्रमच्या तालावर चालताना मलाही प्रेक्षक चिमुकले वाटायचे, ते आठवलं. त्या दुपारी एका लयीत माना हलवत आम्ही समोरच्या टीमला ‘काडीपैलवान’ म्हणत होतो. त्यांचं वजन आमच्याइतकंच होतं.

म्हणजे गाण्याने अंगात करंट भरला आणि समोरचा लहान करून दाखवला, एवढं मी त्याच्या नावावर टाकायला तयार आहे. पण तो मुलगा हसला तेव्हा मी त्याच्यापासून सात-आठ पावलांवर होतो. ती पावलं मी चालत गेलो. स्पीकर माझ्या मागे होता.

राहता राहिली रस्सीखेच, म्हणजे आम्ही हरलो का. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसं एकत्र ओढतात तेव्हा किती जोर लागतो हे मोजलं होतं, ते १९१३ साली छापून आलं. आठ जण मिळून ओढ लावतात तेव्हा त्यांच्या एकेकट्याच्या ताकदीच्या बेरजेच्या सुमारे निम्मीच हाती लागते. रिंगेलमानच्या मते मुख्य कारण हे की सगळ्यांचा जोर एका क्षणी लागत नाही. आम्ही आठ जण तापलेले होतो आणि आठ वेगवेगळ्या क्षणी तापलेले होतो. उलट हायले गेब्रसेलासी या धावपटूने १९९८ साली बर्मिंगहॅमला इनडोअर २००० मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याने आपल्या पावलांच्या लयीला जुळणारं गाणं स्टेडियमवर लावून घेतलं होतं. ते काही मारामारीचं गाणं नव्हे, नाचाचं होतं.

आणि समोरच्या टीमकडे काय होतं? जर्नलच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या मुलानेच मला सांगितलं. तो ओढणाऱ्या आठ जणांत नव्हताच. तो दोराशेजारी उभा राहून हाक देणारा होता, चष्म्याआडून आमच्या शेवटच्या भिडूच्या टाचा बघत. “तुमच्या टाचा माती सोडताना दिसल्या की मी ‘हैस्सा’ म्हणायचो,” तो म्हणाला. “तुम्ही ओरडत होतात ना, त्यामुळे तुम्हाला ऐकू पण यायचं नाही.” म्हणजे मी ढकललं ते त्यांच्या हलगीवाल्याला. हसला का होतास, हेही मी विचारलं. म्हणाला, पहिल्यांदाच कुठल्या टीमने त्याला घेतलं होतं आणि ते जिंकले होते.

यंदा आमच्या टीमला हाक देणारा आहे. आम्ही सेमीफायनललाच हरलो, पण तिन्ही फेऱ्या खेळून हरलो. नोटीस बोर्डावरचा कागद अजून तिथेच आहे, आणि स्पीकर रेक्टर सरांच्या कपाटात. हा अंक निघाला की त्याची एक प्रत सरांना नेऊन देणार आहे आणि वरचं ते वाक्य मागे घेणार आहे. स्पीकर परत मिळालाच तर चार्जर माझ्याकडे आहे.